नमुना क्रमांक दोनशे बारा

१

लान-इनचं काम सांगायला अगदी सोपं होतं. डबी लावायची, आवाज ऐकायचा, पडद्यावर नाव उमटलं की खूण करायची, डबी काढायची, पुन्हा आवाज ऐकायचा. लावली की दोन चढते सूर, काढली की तेच दोन उतरते. दिवसाला तीनशे डब्या, म्हणजे सहाशे वेळा ते सूर, आणि हे सतरा वर्षं. घरी भांडी घासतानाही ते तिच्या कानात वाजत असत आणि तिला त्याचा त्रास होत नसे. कुणाच्या कानात समुद्र असतो, तिच्या कानात हे.

तैपेईजवळच्या चुंगहोतल्या एका कारखान्यांच्या इमारतीत त्यांची छोटी कंपनी होती. जुनी यंत्रं नव्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडणारी करड्या रंगाची डबी ते बनवत. कुठे भरतकामाचं यंत्र, कुठे वजनकाटा, कुठे दवाखान्यातलं काहीबाही. डबीचा ड्रायव्हर लिहिला होता तिच्या नवऱ्याने, ते-शिंगने. ती वरच्या खोलीत तपासायची, तो बरोब्बर तिच्या पायाखालच्या खोलीत बसून लिहायचा.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे त्याने तिला लग्नाआधी, वाफाळत्या शेवयांच्या वाडग्यावर वाकून समजावलं होतं. "कॉम्प्युटर म्हणजे लग्नाच्या हॉलच्या दारात टेबल टाकून बसलेला माणूस. पाहुणा आला की विचारतो, आपण कोण, कुणाकडचे, नाव काय? मग आत हाक मारतो, यांची भाषा येणारं कुणी आहे का रे? जो उठून पुढे येतो, तो ड्रायव्हर. कुणीच उठलं नाही तर पाहुणा दारातच उभा."

"आणि पाहुणा आपणहून काही बोलत नाही?"

"एक अक्षर नाही. यूएसबीत तो नियमच आहे. विचारलं तरच उत्तर."

"म्हणजे तुझ्यासारखाच घुम्या," ती म्हणाली होती, आणि तो कानापर्यंत लाल झाला होता.

माणूस खरंच घुम्या होता. पण बोलायची त्याची एक वाट होती. प्रत्येक नमुन्याच्या चिपमध्ये डबीचं नाव लिहावं लागतं. कॉम्प्युटर विचारतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात ते नाव उमटतं. विक्रीला जाण्याआधी तिथे कंपनीचं खरं नाव घालायचं. पण नमुना अजून घरातलाच असताना ते-शिंग तिथे आपल्या मनातलं लिहायचा. वर-खाली जिने चढायला नकोत म्हणून त्याने जमिनीला भोक पाडून तिच्या कॉम्प्युटरपासून स्वतःच्या कामाच्या बाकापर्यंत पाच मीटरची केबल सोडली होती. खाली त्याने नमुना जोडला की वर चढते सूर वाजत आणि कोपऱ्यात येई: 'आज डब्यात तंगडी की चॉप?' ती टाच आपटून उत्तर द्यायची. एकदा आपटली तर चॉप, दोनदा आपटली तर तंगडी. बाराच्या ठोक्याला तो दोन डबे घेऊन वर हजर.

लावलेलं प्रत्येक उपकरण सिस्टीम लक्षात ठेवते, काढून टाकलं तरीही. लपलेली यादी उघडली की सगळी नावं फिकट अक्षरांत दिसतात. त्या यादीत त्यांच्या संसाराची दोनशे अकरा वाक्यं होती. 'छत्री विसरू नकोस.' 'आईला फोन केलास?' 'अजून रागावली आहेस?' 'नवा शर्ट बरा दिसतो का, हो म्हण.'

दोनशे बारावं मात्र तिने वाचलं नव्हतं.

२

त्या दिवशी हॅम्बुर्गची ऑर्डर निघायची होती. पोर्टं कमी पडत होती म्हणून सकाळीच तिने जमिनीतून आलेली केबल उपटून बाजूला टाकली आणि तिथे ऑर्डरची डबी लावली. खाली सांगायचं राहून गेलं. दुपारचा दीड वाजला तरी डबे आले नाहीत, तेव्हा तिला राग आला. अडीचला ती जिना उतरून गेली.

ते-शिंग बाकावर डोकं टेकून बसला होता. समोर त्याचा कॉम्प्युटर चालू होता आणि त्यावर एकच ओळ होती, 'नमुना २१२ लिहून पूर्ण, १२.०५.' केबलच्या टोकाला करडी डबी होती. तिला बाकावरूनच वीज मिळत होती, त्यामुळे तिचा हिरवा दिवा लागलेला होता. वर केबल निघालेली आहे, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता.

पुढचा तास रुग्णवाहिकेचा, रडण्याचा, माणसांच्या पायांचा. कुणीतरी त्याचा कॉम्प्युटर बंद केला. कुणीतरी डबी उचलून ट्रेमध्ये ठेवली, दिसायला सगळ्या सारख्याच. संध्याकाळी त्या ट्रेमधल्या चारशे डब्या हॅम्बुर्गला गेल्या.

तीन वर्षं झाली. दुरुस्तीला परत आलेली प्रत्येक डबी लान-इन स्वतः लावून बघायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. नाव उमटेपर्यंत ती पडद्यावरून नजर हलवायची नाही, आणि मग कंपनीचंच नाव यायचं. तिला काही मोठं नको होतं. चॉप की तंगडी, एवढंच असेल तरी चालणार होतं. पण शेवटचं काय बोलला ते ऐकायचं राहिलं, आणि राहिलं ते तिच्या हाताने, ही गोष्ट तिला आतून कुरतडत होती.

ती केबल तिने त्याच रात्री पुन्हा पोर्टात लावली. त्यानंतर एकदाही काढली नाही.

३

"लान-ताई, या म्हातारीला आता निरोप द्या," पेंग तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर थाप मारत म्हणाला. पेंग कंपनीचे सगळे कॉम्प्युटर सांभाळायचा. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, मनाने चांगला आणि तोंडाने फटकळ. "नवी सिस्टीम आली. तिला सही-शिक्क्याचे ड्रायव्हर लागतात. ते-शिंगदादाचा ड्रायव्हर तिने दारातूनच हाकलला."

"मग सही करून घे."

"कुणाची? ज्याने लिहिला तो..." तो थांबला. यंत्रावर ठेवलेली मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी त्याने उगाचच सरळ केली. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून चुंगहोत काय नि तैपेईत काय, प्रत्येक यंत्रावर ही पुडी असते. हिरवीच लागते, आणि तारीख उलटलेली चालत नाही. "आत्ताच उचलणार होतो. पण मालकीणबाई म्हणाल्या, सातवा महिना लागलाय. महिनाभर काही हलवायचं नाही."

चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात खालच्या भावंडांसाठी दार उघडं असतं. त्यांना भूत म्हणायचं नाही, भावंडं म्हणायचं. त्या महिन्यात कुणी घर बदलत नाही, दुकान उघडत नाही, यंत्र हलवत नाही. म्हणून यंत्र तिथेच राहिलं. तपासणीचं काम शेजारच्या नव्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या ड्रायव्हरने सुरू झालं, आणि जुनं यंत्र कोपऱ्यात नुसतं चालू राहिलं. त्याला एकच केबल जोडलेली होती, जमिनीतून खाली गेलेली.

"बंद तरी करू का?" पेंगने विचारलं.

"महिनाभर हात लावायचा नाही म्हणाल्या ना मालकीणबाई? मग नको लावूस."

"सोयीचं तेवढं बरं ऐकता हो तुम्ही!"

४

ऑगस्टच्या नऊ तारखेला, मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, लान-इन नव्या कॉम्प्युटरवर डब्या तपासत होती. चढते सूर, उतरते सूर. चढते, उतरते. मग चढते वाजले आणि तिच्या लक्षात आलं की डबी अजून तिच्या हातातच आहे.

तिने मागे वळून बघितलं. जुन्या यंत्राच्या पडद्यावर, कोपऱ्यात, पिवळा फुगा आला होता. 'अनोळखी उपकरण.' ती खुर्चीवरून उठेपर्यंत उतरते सूर वाजले आणि फुगा गेला.

ते-शिंगचा ड्रायव्हर भिडस्त माणसाच्या वहीसारखा होता. तोंडाने काही बोलायचा नाही, पण काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते सगळं टिपून ठेवायचा. तिने ती नोंद उघडली. तीन वर्षांनंतरची पहिलीच नोंद.

कोण? त्यापुढे त्यांच्याच कंपनीचा आकडा.
नमुना? दोनशे बारा.
नाव? एकोणतीस अक्षरं.
आणि मग: संपर्क तुटला.

तिने ते चारदा वाचलं. उत्तराच्या सुरुवातीलाच पूर्ण नावाची लांबी, विरामचिन्हं धरून, सांगायची असते, एवढं तिला ठाऊक होतं. एकोणतीस. त्याच्या चिठ्ठ्या दहा-बारा अक्षरांच्या असायच्या. एवढं लांब तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो आनंद, आणि त्याची मात्र तिला थोडी भीती वाटली.

५

मन ठिकाणावर आणून तिने आधी शहाण्या माणसासारखा विचार केला. हॅम्बुर्गची डबी परत आली असेल. कुणीतरी खाली नेऊन केबलला लावली असेल. तिने पेंगकडून खालच्या खोलीची किल्ली घेतली.

खाली आता खोक्यांचं गोदाम होतं. ते-शिंगचा बाक कधीच काढला होता. त्या भिंतीला पुठ्ठ्याची खोकी छपरापर्यंत रचलेली होती, भिंतीत आणि खोक्यांत चार बोटांची फट सोडून. केबल छताच्या भोकातून उतरून एका खोक्यावर वेटोळं घालून पडली होती. टोक उघडं होतं. त्यावर धूळ होती, आणि त्या धुळीत कुणाचं बोट उमटलेलं नव्हतं. खोलीत ते-शिंग करायचा त्या झाळकामाचा, वितळलेल्या कथलाचा वास येत होता. तीन वर्षांत इथे कुणी झाळकाम केलेलं नव्हतं. पण वास भिंतीत मुरतो, असं तिने स्वतःला सांगितलं.

"ओल आली असेल," ती वर आल्यावर पेंग डबा खाता खाता म्हणाला. "लांब केबल, टोक उघडं, हवा दमट. यंत्राला वाटतं कुणीतरी आलं."

"आणि ते दोनशे बारा?"

"जुनी नोंद पुन्हा वर आली असेल. ताई, यंत्र दर क्षणाला प्रत्येक पोर्टाला विचारत असतं, कुणी आहे का, कुणी आहे का. तीन वर्षं विचारत बसलंय रिकाम्या भोकाला. आपणसुद्धा इतकं विचारलं तर काहीतरी ऐकू यायला लागेल."

"ओल एकोणतीस अक्षरं बोलत नाही, पेंग."

पेंगने तिच्याकडे बघितलं, आणि मग नजर खाली वळवून आपल्या डब्यातलं अंडं बारीक करत बसला. "उद्या चौकातल्या टेबलावर भावंडांना नैवेद्य ठेवणार आहेत," तो म्हणाला. "तुम्हीपण दोन उदबत्त्या लावा. आणि टोकाला चिकटपट्टी लावू का मी?"

"नको," ती इतक्या पटकन म्हणाली की तीच दचकली.

६

मग रोज बाराच्या सुमारास यायला लागलं. कधी दोन क्षण टिकायचं, कधी तीन. नाव एका दमात येत नाही, थोडी थोडी अक्षरं येतात, आणि दरवेळी मध्येच तुटायचं. दरवेळी पहिल्यापासून सुरुवात. बुधवारी 'आज' एवढंच आलं. शुक्रवारी 'आज डबा'. लान-इन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. डब्याचीच गोष्ट होती तर! बिचारा एकोणतीस अक्षरांत काहीतरी नवीन पदार्थ सांगत असणार.

त्या दुपारी ती कोपऱ्यावरच्या डबेवालीकडे गेली आणि तोंडातून निघून गेलं, "दोन."

"दोन?" डबेवालीचा चमचा हवेतच राहिला. "पाहुणे आलेत?"

"हो."

"चांगलं झालं बाई. लेक थायचुंगला, एकटीनं जेवून जेवून वाळून गेलीस. एक चॉप, एक तंगडी, बरोबर ना? मला अजून आठवतं."

दुसरा डबा तिने भोकाजवळ जमिनीवर ठेवला. संध्याकाळी तो तसाच होता. तिने उचलून घरी नेला आणि रात्री तोच खाल्ला. भात गार झाला होता, बाकी काही नव्हतं. आपण वेडेपणा करतो आहोत, हे तिला कळत होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला दुपारची वाट बघावीशी वाटत होती, आणि तो वेडेपणा सोडायची तिची अजिबात तयारी नव्हती.

पुढच्या आठवड्यात 'आज डबा आणायला' इथपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी चिडून, नकळत, तिने टाच आपटली. दोनदा. तंगडी.

उतरते सूर वाजायला हवे होते, ते वाजले नाहीत. फुगा कोपऱ्यात पाच क्षण टिकला, सहा, सात. नोंदीत पुढची अक्षरं आली आणि मग तुटलं.

'आज डबा आणायला जात नाही.'

ती ते वाचून सुन्न झाली. जात नाही? सतरा वर्षांपैकी चौदा वर्षं तो जात होता, पावसात, वादळात, ताप असताना. मग त्या दिवशी का नाही? सकाळी काही बोलणं झालं होतं का? ती आठवायला लागली. त्याने शर्टाचं बटण लावून दे म्हटलं होतं आणि ती म्हणाली होती, हात नाहीत का तुला? एवढंच. एवढ्याने कुणी रागावतं का? पण घुम्या माणसाच्या मनात काय जाऊन बसेल ते कुणी सांगावं. उरलेल्या सोळा अक्षरांत त्याने तिला काय सुनावलं असेल, या विचाराने तिची झोप उडाली. दोनशे अकरा वेळा गोड बोललेला माणूस शेवटचं रागाने बोलून गेला असेल तर? तेच वाचायला ती इतकी तडफडत होती?

आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनात आली, ती मात्र तिने पेंगला सांगितली नाही. टाच आपटली की संपर्क टिकतो, हे तिला कळलं होतं, पण उरलेलं वाचायच्या भीतीने पुढचे दिवस तिने ती आपटली नाही. ओलीला टाच ऐकू येत नाही. खाली कुणीतरी ऐकत होतं.

७

सातव्या महिन्याचा शेवटचा दिवस शुक्रवारी आला. त्या संध्याकाळी दार बंद व्हायचं होतं. सकाळपासून काहीच आलं नाही. बारा वाजले, एक वाजला, सूर नाहीत. लान-इनने दोनदा टाच आपटली, चारदा आपटली. शेजारच्या टेबलावरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

तीन वाजता पेंग एक रिकामं खोकं आणि पक्कड घेऊन आला.

"उद्या आठवा महिना," तो म्हणाला. "यंत्र उद्याच हलवतो, मालकीणबाईंचा शब्द मोडत नाही. आज नुसत्या वायरी काढून ठेवतो. तेवढंच उद्याचं काम हलकं."

"उद्या काढ ना सगळं."

"उद्या सकाळी आठला भंगारवाला येतोय, ताई. वायरी काढणं म्हणजे काही हलवणं नाही."

"अर्धा तास दे मला."

पेंगने पक्कड खिशात ठेवली. तो फटकळ होता, पण त्याने ते-शिंगच्या शवपेटीला खांदा दिला होता. "अर्धा तास," तो म्हणाला आणि तिथेच खुर्ची ओढून बसला.

लान-इन यंत्रासमोर बसली. मुली चहाला गेल्या होत्या. खोलीत पंख्याचा आवाज होता, खाली रस्त्यावर नैवेद्याची टेबलं आवरणाऱ्यांचा आवाज होता. तिने चप्पल काढली आणि उघड्या टाचेने फरशीवर दोनदा आपटलं, हळूच, पूर्वी आपटायची तसं. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती वाकून त्या भोकाशी तोंड नेऊन म्हणाली, "रागावला असलास तरी चालेल. सांग एकदाचं."

चढते सूर वाजले.

पेंग खुर्चीतून अर्धा उठला. त्यानेही ऐकलं होतं. कोपऱ्यात फुगा आला, 'अनोळखी' नव्हे या खेपेला. आणि तो फुगा गेला नाही. नाव एकेक घासाने भरत गेलं आणि एकोणतिसाव्या अक्षरावर येऊन थांबलं.

'आज डबा आणायला जात नाही. छातीत दुखतंय. तू खाली येतेस का?'

पेंगने ते वाचलं आणि त्याच्या तोंडून "अगं आई" एवढंच निघालं.

लान-इन रडली नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती दुपार उभी राहिली. पाच-सात मिनिटं. एवढीच त्याने वापरली असणार. ओरडला असता तर तिला ऐकू गेलं असतं, जिना चौदा पायऱ्यांचा तर होता. पण हा माणूस ओरडणारा नव्हता. छातीवर एक हात धरून त्याने दुसऱ्या हाताने चिपमध्ये अक्षरं भरली, डबी केबलला लावली, हिरवा दिवा बघितला, आणि वरून टाचेची वाट बघत बसला. आणि वर तिने केबल उपटून टाकली होती.

तो रागावला नव्हता. त्याने बोलावलं होतं. आणि ती आली नव्हती.

"ताई," पेंग हलक्या आवाजात म्हणाला, "फुगा अजून आहे. तुटत का नाहीये हे?"

"किल्ली दे."

"खाली जाऊ नका. आज नको. उद्या आपण दोघं..."

"तीन वर्षं उशीर झालाय, पेंग. किल्ली दे."

८

चौदा पायऱ्या. पायात चप्पल नव्हती हे तिला दहाव्या पायरीवर कळलं.

गोदामाचा दिवा लावला तेव्हा नळी दोनदा फडफडली आणि लागली. सगळं तसंच होतं. खोकी, धूळ, झाळकामाचा वास. फक्त केबल वेटोळं घालून पडलेली नव्हती. छताच्या भोकातून ती सरळ, ताठ, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी खाली आली होती आणि खोक्यांच्या मागच्या फटीत गेली होती. जिथे पूर्वी बाक होता, तिथे.

तिने फटीत डोकावलं. चार बोटं जागा, पलीकडे भिंत, आणि खाली अंधार. त्या अंधारात, फार खोल, हिरवा ठिपका होता. भिंत इतकी लांब नव्हती, की तो इतका खोल दिसावा.

ती परत फिरली असती. खरंच फिरली असती, पाय तसे मागे झालेही होते. पण हात केबलला लागला, आणि केबल तिच्या हातात किंचित ओढली गेली. झटका नव्हता. बाजारात गर्दीत ते-शिंग तिची बाही धरून ओढायचा, चल, उशीर होतोय, तेवढंच.

"लान-ताई!" छताच्या भोकातून पेंगचा आवाज आला. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेली माणसं मदत करायला धावतात. "ही केबल खाली कशात अडकलीय? मी वर ओढून घेतोय हं!"

केबल वर खेचली गेली. लगेच, तितक्याच जोराने, फटीतून खाली खेचली गेली. मध्ये लान-इनची मूठ होती. पेंगने पुन्हा ओढलं. फटीत आतून खोकी करकरली.

"ताई, कुणीतरी धरलंय! खाली कोण आहे तुमच्याबरोबर?"

तिने वर बघितलं. भोकातून दुपारचा उजेड आणि पेंगचा अर्धा चेहरा दिसत होता. वर तिचं टेबल होतं, अर्ध्यावर सोडलेला चहा होता, पुढच्या महिन्यात थायचुंगहून येणारी मुलगी होती. सगळं खरं होतं आणि सगळं जवळ होतं. एक हाक मारली असती तर पेंग चौदा पायऱ्या उतरून आला असता.

"पेंग," ती म्हणाली, "पोर्टातून काढ ती."

"काढू? मग हे तुटेल, ताई. यंत्रात नुसतं फिकट नाव राहील."

"वाचलं मी. आता काढ आणि सोड."

जरा वेळ काहीच झालं नाही. मग वरचं टोक सुटलं आणि भोकातून सळसळत तिच्या पायाशी पडलं. ताण गेला नाही. केबल तिच्या पायाशेजारून, फरशीवरून, हळूहळू फटीत सरकायला लागली, हातभर, मग आणखी हातभर. कुणीतरी घाई न करता गुंडाळत असावं तशी. तिने वरून पडलेलं टोक पकडलं आणि धरून ठेवलं. ओढ तिच्या मनगटापर्यंत आली, मग कोपरापर्यंत. केबलबरोबर तिचा हात फटीत गेला.

भिंत हाताला लागायला हवी होती. लागली नाही.

"ताई? ताई, बोला ना काहीतरी!" पेंग जिन्याकडे धावल्याचा आवाज आला.

"आले रे," लान-इन अंधाराला म्हणाली, "उठू नकोस, बस तू," आणि तिने खांदा आत घातला.